टोकियोचे रोजचे कपडे

एक जूनला टोकियोचा रंग बदलतो. आदल्या संध्याकाळपर्यंत गडद निळ्या ब्लेझरांत किंवा बंद गळ्याच्या काळ्या कोटांत दिसणारी शाळेची मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या शर्टांत स्टेशनवर उभी असतात. गणवेश असलेल्या नोकरदारांचे कपडेही याच सुमारास हलके होतात. एक ऑक्टोबरला सगळं पुन्हा गडद आणि जाड होतं. या कपडेबदलाला जपानात कोरोमोगाए म्हणतात. हजारएक वर्षांपूर्वी हेइआन काळातल्या दरबाराने ही पद्धत चीनकडून घेतली, आणि एकोणिसाव्या शतकात मेइजी सरकारने पाश्चात्त्य गणवेश स्वीकारले तेव्हा तिच्या तारखा 1 जून आणि 1 ऑक्टोबर अशा ठरल्या. आता मे महिन्यातच घामाच्या धारा लागतात, म्हणून बऱ्याच शाळांनी तारखा सैल केल्या आहेत. पण घरोघरी त्या दिवसांत कपाटं रिकामी होतात, लोकरी कपडे लाँड्रीत जातात आणि सुती वर येतात, हे अजून चालू आहे.

मी नोकरीच्या निमित्ताने टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाईत राहते. भारतीयांची इथे मोठी वस्ती आहे. 2000 सालच्या आसपास संगणक क्षेत्रातले लोक यायला लागले, आणि आता तांदूळ, डाळी, हिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. भारतातून कुणी पाहुणे आले की जपानी फॅशन बघायची म्हणतात आणि मी त्यांना हाराजुकू या फॅशनच्या भागात घेऊन जाईन अशी त्यांची अपेक्षा असते. नेते मी. पण तिथून परतताना माझ्या मनात असतं की यांनी खरं तर माझ्याबरोबर सकाळी आठच्या तोझाई या मेट्रो लाइनमध्ये चढायला हवं होतं.

शहरातल्या सर्वांत गर्दीच्या मार्गांत या लाइनची गणती होते. त्या गर्दीत माणूस अगदी जवळून दिसतो, आणि कपडेही. रंग मोजके: काळा, गडद निळा, करडा, बेज, आणि अलीकडे तरुण मुलींमध्ये धुरकट गुलाबी, धुरकट हिरवा. पँटी सैल. स्कर्ट घोट्यापर्यंत आणि खाली पांढरे स्नीकर. मांड्या दिसणारा आखूड स्कर्ट कुणाला खटकत नाही, पण खोल गळा किंवा उघडे खांदे ऑफिसच्या वाटेवर क्वचितच दिसतात. आपल्याकडे बरोबर याच्या उलट. साडीत पोट-पाठ दिसते त्याचं काही वाटत नाही आणि गुडघ्यावरचा स्कर्ट मात्र चर्चेचा विषय होतो. मर्यादा प्रत्येक समाजात असतात. त्या शरीरावर नेमक्या कुठे आखायच्या हे मात्र प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं असतं, हे परदेशात राहिल्यावर फार लख्ख कळतं.

पण माझं लक्ष वेधलं ते कपड्यांच्या स्थितीने. चुरगळलेली कॉलर दिसत नाही. काळ्या कोटावर धाग्याचा तुकडा, केस, लोकरीचे गोळे दिसत नाहीत. बुटांची टाच झिजली की स्टेशनातल्याच छोट्या दुकानात ती थोड्या वेळात बदलून मिळते, आणि त्या दुकानापुढे नेहमी कुणीतरी एका पायात चप्पल घालून बसलेलं असतं. मोजे नीट हवेत, कारण कुठल्या उपाहारगृहात, कुणाच्या घरी, कुठल्या दवाखान्यात बूट काढावे लागतील हे सांगता येत नाही. हे सगळे लोक श्रीमंत नाहीत. शर्ट बहुधा युनिक्लोचाच असतो. तादाशी यानाई यांनी 1984 साली हिरोशिमात त्याचं पहिलं दुकान काढलं आणि 1998 मध्ये हाराजुकूच्या दुकानात 1,900 येनांना फ्लीसचं जाकीट विकून सगळा देश गुंडाळून टाकला. मुंबईत कुर्ल्याला 2023 साली त्यांचं दुकान उघडलं, त्यामुळे तो शर्ट आता आपल्याही परिचयाचा आहे. स्वस्त कपडा इतक्या निगुतीने वापरलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

उन्हाळ्यात या गाडीत आणखी एक गोष्ट दिसते. बायकांच्या हातांत कोपरापर्यंत काळे हातमोजे, डोक्यावर रुंद टोपी, आणि स्टेशनबाहेर पाऊल पडताच छत्री. पुण्यात स्कूटीवर सनकोट घालून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून जाणाऱ्या मुली पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. नवल वाटलं ते पुरुषांच्या हातात छत्री पाहून. 2019 साली पर्यावरण खात्यानेच पुरुषांना उन्हात छत्री वापरण्याचं आवाहन केलं, आणि आता सुटाबुटातले गृहस्थ भर दुपारी ती उघडून चालताना दिसतात.

सरकारने सांगावं आणि लोकांनी कपडे बदलावेत, हे इथे पूर्वीही घडलं आहे आणि एकदा सपशेल फसलंही आहे. 1979 च्या तेलटंचाईत पंतप्रधान ओहिरा यांनी अर्ध्या बाह्यांचा सूट घालून दाखवला. कुणालाही तो आवडला नाही, आणि योजना तिथेच संपली. 2005 साली पंतप्रधान कोइझुमी आणि त्यांच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी ‘कूल बिझ’ आणलं, तेही एक जूनच्या मुहूर्तावर. ऑफिसचा एसी 28 अंशांवर ठेवायचा, टाय काढायचा, कोट घरी ठेवायचा. नवा विचित्र कपडा कुणावर लादला नाही, असलेलाच एक कमी केला. शिवाय ऋतुबदलाची तारीख लोकांच्या अंगात भिनलेली होती. मला वाटतं, ही योजना टिकली ती त्या तारखेमुळे. सहा वर्षांनी भूकंप आणि त्सुनामीनंतर विजेची टंचाई झाली, तेव्हा पोलो शर्टालाही परवानगी मिळाली. आमच्या ऑफिसात आज जुलै महिन्यात टाय बांधलेला माणूस म्हणजे बाहेरून आलेला विक्रेता असं समजतात.

वेळ, जागा, प्रसंग पाहून कपडे घालायचे, याला जपानी लोक ‘टीपीओ’ म्हणतात. कार्यालयात हा शब्द रोज कानावर येतो. इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द जपानातच घडला. तो रुजवण्याचं श्रेय केन्सुके इशिझू यांना देतात. ओकायामात जन्मलेल्या या गृहस्थांनी ‘व्हॅन जॅकेट’ नावाची कंपनी काढली आणि अमेरिकी कॉलेजांतल्या मुलांचे कपडे, म्हणजे बटणदार कॉलरचे शर्ट, चिनो पँट, मद्रास चेक, जपानी तरुणांना घालायला शिकवले. शिकवले हाच शब्द बरोबर आहे. कारण 1960 च्या सुमारास जपानी विद्यार्थ्याकडे काळ्या गणवेशाखेरीज फारसं काही नव्हतं, आणि नवे कपडे कसे घालायचे याची नियमावलीच मासिकांतून द्यावी लागली. 1964 च्या उन्हाळ्यात असे कपडे घातलेली मुलंमुली गिंझाच्या मियुकी रस्त्यावर नुसती उभी राहायला लागली. त्यांना ‘मियुकी-झोकु’ नाव पडलं. ऑक्टोबरात ऑलिंपिक येणार होतं. परदेशी पाहुण्यांना ही रिकामटेकडी पोरं दिसू नयेत म्हणून सप्टेंबरमध्ये पोलिसांनी त्यांची धरपकड केली. त्यांचा गुन्हा काय, तर बटणदार कॉलर आणि आखूड पँट! आज हेच कपडे टोकियोतल्या सत्तरीच्या आजोबांचा रविवारचा पोशाख आहे. आमच्या मद्रासहून अमेरिकेला आणि तिथून टोकियोला गेलेलं ते चौकड्यांचं कापड अशा एखाद्या आजोबांच्या अंगावर दिसलं की मला फार आनंद होतो.

मात्र ‘टीपीओ’चं ओझं सगळ्यांच्या खांद्यावर सारखं नाही.

मार्च महिन्यात गाड्यांमध्ये काळ्या सुटातली मुलं अचानक वाढतात. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस नोकरीच्या मुलाखतींची तयारी सुरू होते आणि त्यासाठी ‘रिक्रूट सूट’ घ्यावा लागतो: काळा किंवा अगदी गडद निळा, पांढरा शर्ट, मुलींसाठी काळे पंप शूज, टाच मध्यम, त्वचेच्या रंगाचे स्टॉकिंग, केस मागे घट्ट बांधलेले, काळी पर्स जमिनीवर ठेवली तरी उभी राहील अशी. दुकानात यासाठी वेगळा विभागच असतो. गेल्या महिन्यापर्यंत केस रंगवून हिंडणारी मुलगी त्या आठवड्यात केस पुन्हा काळे करून घेते. ओतेमाची या ऑफिसांच्या भागात उतरणाऱ्या अशा मुलींच्या घोळक्यात एक दुसरीपासून वेगळी ओळखू येत नाही. कपड्यातली शिस्त मला आवडते, पण हे दृश्य मला आवडत नाही. वीस-एकवीस वर्षांच्या माणसाने आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या दारात उभं राहताना आपण वेगळे आहोत हे लपवून उभं राहावं, हा संकेत क्रूर आहे.

टाचांच्या बुटांचं तर आणखीच. पुष्कळ कार्यालयांत, हॉटेलांत, दुकानांत बायकांना टाचेचे बूट घालणं नियमाने वा रिवाजाने सक्तीचं होतं. 2019 साली युमी इशिकावा या अभिनेत्रीने याविरुद्ध ‘कूटू’ मोहीम सुरू केली आणि हजारो सह्यांचं निवेदन कामगार मंत्रालयाला दिलं. त्या वेळचे मंत्री संसदेत म्हणाले की कामाच्या गरजेनुसार असे बूट समाजाने मान्य केले आहेत. म्हणजे मंत्रिमहोदयांच्या मते तक्रारीचं कारणच नव्हतं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने हवाई सुंदरींना सपाट बूट आणि पँट वापरायला परवानगी दिली. 2022 च्या एप्रिलपासून टोकियो महानगराच्या सरकारी हायस्कुलांनी केस काळेच असले पाहिजेत, आतले कपडे अमुक रंगाचेच हवेत, असे जुने नियम काढून टाकले. जन्मतः तपकिरी केसांच्या मुलींना केस काळे रंगवायला लावणाऱ्या शाळा होत्या, यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता. आता आमच्या ऑफिसातल्या तरुण मुली सपाट बुटांत येतात, आणि वरिष्ठ बायका त्यांच्याकडे पाहून ड्रॉवरमधल्या टाचा घरी घेऊन गेल्या. हा बदल मी डोळ्यांनी पाहिला याचं मला समाधान आहे.

हाराजुकूबद्दल थोडक्यात. ताकेशिता रस्त्यावर आजही लेसचे झगे, गुलाबी केस, कॉटन कँडीचे डोंगर दिसतात, पण गर्दीत प्रवासीच जास्त. 1997 पासून ‘फ्रूट्स’ मासिकासाठी इथल्या मुलामुलींची छायाचित्रं काढणारे शोइची आओकी यांनी 2017 साली मासिक बंद केलं, कारण फोटो काढावा असा पोशाख रस्त्यावर पुरेसा सापडेना. पूर्वी जवळचा रस्ता रविवारी वाहनांना बंद असायचा, म्हणून मुलं तिथे जमायची. 1998 मध्ये ते थांबलं. पोशाख दाखवायला जागा लागते, ही गोष्ट मला यातून कळली. आता हौशी मुलं शिमोकिताझावा आणि कोएनजीच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत दिसतात. तिथे प्रत्येक कपड्याला चिठ्ठी असते: कोपरावर डाग, एक बटण बदललेलं. दोष आधी सांगून माल विकणारा दुकानदार पाहिला की खिशात हात आपोआप जातो.

नवी लाट मात्र वेगळ्याच दिशेने आली आहे. बांधकामावरच्या कामगारांना कपडे विकणाऱ्या ‘वर्कमन’ या साखळीने 2018 मध्ये टोकियोच्या उपनगरातल्या एका मॉलमध्ये ‘वर्कमन प्लस’ नावाने दुकान थाटलं. माल तोच, मांडणी नवी. पावसात न भिजणारं जाकीट मोटारसायकलवाल्यांनी नेलं, स्वयंपाक्यांचे न घसरणारे बूट गरोदर बायकांनी नेले. पाठीमागे दोन छोटे पंखे बसवलेली जाकिटं आधी फक्त रस्ता खोदणाऱ्यांच्या अंगावर दिसायची. आता मासे पकडायला गळ टाकून बसलेले लोकही ती घालतात. हवा भरून जाकीट फुगलेलं असतं आणि आतला माणूस सुखात असतो. कष्टकऱ्याचा कपडा चांगला शिवलेला असावा, हा आग्रह इथे जुना आहे. उंच परांच्यांवर चढणाऱ्या कामगारांच्या रुंद, घोट्याशी आवळलेल्या पँटी आणि अंगठा वेगळा असलेले कापडी बूट पाहिले की त्यांचा देखणेपणा जाणवतो.

पण टोकियोतली माझी सर्वांत आवडती जागा सुगामो. यामानोते लाइनवर उतरलं की पाच मिनिटांत जिझो-दोरी हा बाजाररस्ता लागतो. लोक त्याला ‘आजींचं हाराजुकू’ म्हणतात. ज्या तारखेत चार येतो, म्हणजे 4, 14 आणि 24, त्या दिवशी तिथे जत्रा भरते. जुन्या नाकासेन्दो महामार्गाचाच हा तुकडा. मध्ये कोगान-जी देऊळ आहे. त्याच्या अंगणात कानोन या देवतेची दगडी मूर्ती आहे. आपला जो अवयव दुखतो तो मूर्तीचा अवयव पाणी घालून फडक्याने पुसायचा. गुडघ्यांपुढे रांग सगळ्यात मोठी.

देवळातून निघून आजी खरेदीला लागतात. दुकानांच्या पाट्या मोठ्या अक्षरांत. पँटींना इलॅस्टिक, स्वेटरला पुढे मोठी बटणं, कारण हात वर होत नाहीत. टोप्या हलक्या, बुटांना बाजूने चेन. ‘मारुजी’ नावाच्या दुकानात तर लाल रंगाचे आतले कपडे हीच खासियत: लाल चड्ड्या, लाल बनियन, लाल मोजे, राशीवर्षाचे प्राणी भरलेले. लाल रंगाने अंगात ऊब राहते, बेंबीखाली शक्ती टिकते, अशी श्रद्धा. साठी पूर्ण झालेल्याला लाल कपडा भेट देण्याची जपानी रीत आहे, तिचाही यात वाटा असावा. मी तिथे एका बाकावर बसून तासन् तास बघत राहते. जांभळट केसांची आजी कानातल्यांशी जुळणारी छत्री निवडते. दोन मैत्रिणी एकसारख्या टोप्या घेतात आणि आरशात एकीला दुसरीची टोपी जास्त शोभते म्हणून अदलाबदल करतात. म्हातारपणी अंगाला सोसेल आणि डोळ्यांना आवडेल असा कपडा हक्काने मिळावा यासाठी अख्खा रस्ता वसलेला आहे. माझ्या आजीने शेवटची वीस वर्षं, कुणी काय म्हणेल म्हणून, फिक्या रंगाचीच लुगडी नेसली. सुगामोला गेले की तिच्यासाठी जीव तुटतो.

एकदा सुट्टीत मी ओकायामाच्या बाजूला कोजिमा गाव पाहून आले. समुद्र हटवून तयार केलेली ही जमीन खारट; भात येईना म्हणून कापूस लावला. कापसामागे विणकाम आलं, मग ताबी मोजे, मग देशभरच्या शाळांचे गणवेश, आणि 1965 साली त्याच शिवणयंत्रांवर जपानात शिवलेली पहिली जीन्स. आज गावच्या एका रस्त्यावर दोरीवर जीन्स टांगलेल्या आहेत आणि खाली कारागिरांची दुकानं. जुन्या धोट्याच्या मागावर अरुंद पन्ह्याचं डेनिम अजून विणतात, सावकाश, आणि त्या कापडाच्या काठावर लाल धागा असतो. दुकानदाराने पँटीचा पाय उलटून मला तो काठ दाखवला. विणलेला काठ अभिमानाने दाखवणारा माणूस मी याआधी येवल्यात पाहिला होता.

कापडाची ही पारख मला स्वतःच्या बाबतीत अनुभवायला मिळाली. गणपतीच्या कार्यक्रमाला मी पैठणी नेसून निघाले होते. प्लॅटफॉर्मवर किमोनो घातलेल्या एक बाई आल्या, माफी मागून पदराला हात लावू का विचारलं, आणि परवानगी मिळताच पदर उलटून मागची बाजू पाहिली. पैठणीच्या पदरात रंगीत धागा नक्षीच्या कडेपर्यंत जाऊन परत फिरतो, त्यामुळे तो उलटसुलट सारखा दिसतो. क्योतोच्या निशिजिन भागात त्सुझुरे नावाचं कापड याच तत्त्वावर विणतात. तिथले विणकर बोटांच्या नखांना कानशीने दाते पाडतात आणि त्या नखांनी धागा ओढून बसवतात. बाईंनी आपला ओबी, म्हणजे किमोनोवरचा कमरपट्टा, दाखवला. तो त्सुझुरेचा होता. भाषा अर्धीमुर्धी, पण दोघींना जे बोलायचं ते बोलून झालं.

त्यांच्याकडूनच कळलं की किमोनोचं कापड सुमारे छत्तीस सेंटिमीटर पन्ह्याचं आणि बारा मीटर लांब असतं, सरळ रेषेत कापतात, आणि उसवून पुन्हा जोडलं तर एकसलग पट्टा तयार होतो. तो धुऊन, ताणून मुलीच्या मापाने पुन्हा शिवायचा. किमोनोलाही तारखा आहेत: ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबरात बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टमध्ये जाळीदार विणीचा. मी कोणत्या ऋतूत कोणती साडी नेसते, हे त्यांनी मला विचारलं होतं. त्यानंतर मी विचार करून नेसायला लागले.

इथे नोकरीला, शिकायला येणाऱ्या मराठी मुली बॅगेत जीन्स आणि टी-शर्ट भरून आणतात, साड्या आईच्या कपाटात ठेवतात. त्यांना माझं सांगणं आहे की दोन तरी साड्या आणा. जून ते सप्टेंबरसाठी एक सुती इरकल आणि ऑक्टोबरनंतर नेसायला एक रेशमी. त्या इथल्या गाडीत, रस्त्यावर, ऑफिसच्या समारंभात बिनधास्त नेसा. कापड ओळखणारं माणूस कधी ना कधी भेटेल आणि विचारेल. म्हणून साडी कोणत्या गावात विणली, कोणत्या मागावर विणली, काठाला काय म्हणतात, हे निघण्याआधी घरी विचारून या.